बर्फाच्या सुया

ब्लफ, १९ जानेवारी १९९७

पेती,

माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडता ठेवून दिलं असतंस, म्हणून पत्ता रिपेका आत्याकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच.

पुढच्या आठवड्यात मी मेलबर्नला चाललोय. फिरायला नाही. दोन वर्षांपूर्वी मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तुला कळवलं नाही, कारण आपण बोलत नव्हतो. ड्युनेडिनला जाऊन किरणं घेतली. वर्षभर बरं होतं, मग रक्ततपासणीतला कॅन्सरचा आकडा पुन्हा चढायला लागला. इथले डॉक्टर म्हणाले, एकदा किरणांनी भाजलेल्या जागी चाकू चालवणं कठीण, आत सगळं चिकटून बसलेलं असतं. मेलबर्नला एक डॉक्टर कॅन्सर कापत नाही, गोठवून मारतो. खालून सुया घालायच्या आणि सुयांच्या टोकाला बर्फ धरवायचा. उपचार नवा आहे. किरणं ज्यांना लागू पडली नाहीत असे म्हातारे त्यांना हवे आहेत. या वयात मी कुणाला तरी हवा आहे, हे ऐकून रिपेका इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

तुझ्या आईच्या वेळी तू जे केलंस ते मी विसरलेलो नाही. मी म्हटलं होतं, तिला काय झालंय ते तिला सांगू नकोस. तू नर्स, म्हणून तुला वाटलं सांगायचा हक्क तुझा. तू सांगितलंस, आणि ती स्वतःहून पिशवी भरून इस्पितळात जाऊन झोपली आणि तिथेच गेली. तिच्या शवपेटीपाशी सगळ्यांदेखत मी तुला जे बोललो ते मागे घ्यायला हे पत्र लिहीत नाही. कुणाला तरी कळवून ठेवावं एवढंच.

आणि एक विचारायचं होतं. गोठवलेला मासा बाहेर काढून ठेवला की पाणी सुटतं, मऊ पडतो, मग वास यायला लागतो. हे मी जन्मभर बघत आलोय. माणसाच्या आत गोठवलेलं मांस वितळल्यावर जातं कुठे? डॉक्टरला विचारायची लाज वाटली.

तेओती


मेलबर्न, २ फेब्रुवारी १९९७

पेती,

झालं. मी जिवंत आहे.

पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचं सगळं मारून टाकलं होतं, पण मी जागा होतो. पाय वर टांगलेले, मध्ये हिरवा कपडा, आणि माझ्या डोळ्यांना दिसेल असा एक लहान पडदा. डॉक्टरचं नाव हॅलोरन. तुझ्याच वयाचा असेल, हात मात्र स्थिर. पडद्यावर करडं करडं काहीतरी दिसत होतं, आपल्या खाडीत धुकं असतं तसं. सुया एकेक करून आत गेल्या. मग कुणीतरी गॅसची चावी फिरवली आणि त्या धुक्यात काळं काहीतरी उगवलं. त्याची कड पांढरी आणि आत नुसता काळोख. ते वाढत वाढत मागे सरकायला लागलं.

मी विचारलं, "डॉक्टर, हे काळं म्हणजे कॅन्सर का?"

"नाही, हा बर्फ. कॅन्सर त्याच्या पोटात आहे."

"आणि हा कुठवर जाणार?"

"मागच्या भिंतीपर्यंत. भिंतीपलीकडे आतडं आहे. तिथे थांबवायचा."

"नाही थांबला तर?"

"मी थांबवतो," तो म्हणाला. पडद्यावरची ती पांढरी कड भिंतीला टेकेपर्यंत खोलीतली सगळी माणसं तिच्याकडे बघत उभी होती, आणि नर्सने माझ्या कपाळावर हात ठेवला होता. का ठेवला कोण जाणे, मी काही घाबरलो नव्हतो.

मग वितळवलं, आणि पुन्हा गोठवलं. एका वेळी सगळा मरत नाही म्हणे. मूत्रमार्ग वाचावा म्हणून त्यात नळी घालून गरम पाणी खेळवत ठेवलं होतं. दुखलं काहीच नाही, फक्त दात वाजायला लागले ते थांबेनात. अंगावर पांघरुणं टाकली तरी थांबेनात. आजही मधूनच वाजतात. बाहेर मेलबर्नचा उन्हाळा आहे, रस्त्यावरचं डांबर मऊ झालंय.

सोडताना हॅलोरन पलंगावर येऊन बसला आणि कशाकडे लक्ष ठेवायचं ते सांगितलं. तीन-चार गोष्टी होत्या. विशेष काही नाही.

तेओती


ब्लफ, ४ मार्च १९९७

पेती,

तू रिपेकाला फोन केलास, असं ती परवा बोलून गेली आणि मग बटाटे सोलत बसली. मला नाही, तिला. बरं झालं. म्हणजे पत्रं पोचतात.

नळी निघाली. गळतं अजून. लहान पोरासारखा कपडा लावून फिरतो. किराणा दुकानात टिपेनची बायको म्हणाली, "तेओती, वाळलास रे, पण कमरेत भरलास." मी म्हटलं, हल्ली सुखी आहे.

पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. जातं कुठे, तर बाहेर येतं. राखाडी चिंध्या येतात लघवीतून, ओल्या कागदासारख्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा न्हाणीघराच्या फरशीवर बसून राहिलो. हॅलोरनला फोन केला तर म्हणाला, असंच होतं, थोडे दिवस. रक्ताचा आकडा जवळजवळ शून्यावर आलाय. तो खूश आहे. मीही खूश आहे.

त्याला विचारलं, हलकी हालचाल चालेल का? म्हणाला, चालेल, मोकळ्या हवेत फिरा. मग मी फोन ठेवला.

तर एक एप्रिलला समुद्रपक्ष्यांच्या पिल्लांचा हंगाम उघडला की आम्ही बेटावर जातोय. मी आणि रिपेका. तू हे वाचून काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतंय. पण पिल्लं धरायची आपली पिढीजात जागा एक वर्ष रिकामी राहिली तर कुणी काही म्हणणार नाही, आणि तेच मला नकोय. माझ्या बापाच्या मांडीवर बसून मी तिथे पिसं काढायला शिकलो. तूही तिथेच शिकलीस. बिळात हात घालायला घाबरायचीस, आठवतं का? मी म्हणायचो, आत फक्त पिल्लू आहे, दुसरं काही नाही. आणि तू म्हणायचीस, बाबा, तुम्हाला कसं माहीत.

तेओती


बेटावरून, ११ एप्रिल १९९७

पेती,

उद्या मीठ उतरवायला हेलिकॉप्टर येईल, त्याच्याबरोबर हे देतो.

पिल्लं यंदा चांगली आहेत, चरबीने गोल. रिपेका पिसं काढते आणि मी बिळं बघतो. पोटावर आडवं व्हायचं, खांद्यापर्यंत हात आत, गाल मातीला. तुला माहीतच आहे. उठताना मात्र यंदा जरा वेळ लागतो. खाली, बसायच्या जागी, आत कुठेतरी खिळा ठोकल्यासारखं होतं. थोडा वेळ गुडघ्यांवर थांबलं की जातं. रिपेका विचारते, "प्रार्थना करतोस का रे?" मी म्हणतो, हो, तुझ्यासाठी.

जेवण कमी केलंय. जेवलं की आत गुडगुडतं आणि मग सारखं झाडीत जावं लागतं. मीठ लावलेलं पिल्लू आणि बटाटे समोर ठेवले तरी नको वाटतं, हे आयुष्यात प्रथमच.

एक गंमत सांगतो. लघवी करताना हल्ली मध्येच फुस्स होतं आणि बुडबुडे येतात, सोडा वॉटरची बाटली उघडावी तसे. रंगही जरा गढूळ. समुद्राची हवा शरीरात शिरली असणार. तुझ्या नर्सिंगच्या पुस्तकांत अशा गमती लिहिलेल्या असतात का? असल्या तर असू देत, मी सहज लिहिलं.

सध्या वारा पडलाय. नैर्ऋत्येचा वारा सुटला की इथे काही उतरत नाही.

तेओती


बेटावरून, २४ एप्रिल १९९७

पेती,

तू हे काय केलंस?

रोज संध्याकाळी ब्लफची रेडिओवाली एकेका बेटाला हाक मारते, हवामान सांगते, घरचे निरोप वाचते. एक चॅनल, आणि सगळी बेटं कानाला लावून बसलेली. कुणाच्या पोराला दात आला, कुणाची गाय व्याली, सगळ्यांना सगळं कळतं. हे तुला ठाऊक आहे. तू या झोपडीत बसून ते ऐकतच वाढलीस.

काल ती बाई आमचं नाव घेऊन थांबली. मग म्हणाली, "निरोप आहे, जसाच्या तसा वाचायला सांगितलाय." आणि वाचला. मला पाठ झालाय.

"पर्थहून इरिहापेती, तिच्या वडिलांसाठी. बाबा, लघवीतून हवा येते, सोडा वॉटरसारखे बुडबुडे येतात, म्हणजे आतडं आणि मूत्रमार्ग यांच्यामध्ये भोक पडलं आहे. आतड्यातली घाण त्यातून जात असणार. थंडी वाजून ताप आला तर विष रक्तात उतरलंय असं समजा. बेट सोडा. आणि हे ऐकणाऱ्या सगळ्यांना विनंती, ते बरं आहे म्हणाले तर विश्वास ठेवू नका."

त्यानंतर रेडिओवर नुसती खरखर. मग पलीकडच्या बेटावरून म्हाताऱ्या हेमाराचा आवाज आला, "तेओती, ऐकलंस ना रे?" मग दुसरा कुणी. मग एक बाई म्हणाली, "पोरगी बरोबर बोलतेय, तेओती." मी बटण फिरवून बंद केलं.

रिपेका हातात पिल्लू धरून तशीच उभी होती. म्हणाली, "सोडा वॉटर?"

मी म्हटलं, पोरीला काहीतरी सहज लिहिलं होतं.

"डॉक्टरने तुला काय सांगितलं होतं? येताना काय सांगून पाठवलं?"

"काही विशेष नाही."

"तेओती, बुडबुड्यांबद्दल तो काही बोलला होता का?"

मी पिसं काढायला बसलो. आमची झोपडी तुला माहीत आहे, तिथे दुसरीकडे जायला जागा नाही.

माझ्या जांघेतली गोष्ट तू साऱ्या बेटांना वाचून दाखवलीस. उद्या धक्क्यावर उतरलो की पोरंही हसतील. आईच्या वेळी जे केलंस तेच पुन्हा केलंस. ताप वगैरे नाही. जरा अंग मोडून आलंय, ते वाऱ्यात काम केल्यामुळे.


बेटावरून, २७ एप्रिल १९९७

पेती,

हे अक्षर रिपेकाचं आहे. माझा हात थरथरतो म्हणून ती लिहितेय. मी सांगतो तेवढंच लिहायचं असं ठरलंय.

(असं काही ठरलेलं नाही. रिपेका.)

माझी तब्येत ठीक आहे. वारा आहे म्हणून कामाला सुट्टी दिली.

(परवापासून अंथरुणावर आहे. दात वाजतात ते माझ्या बिछान्यापर्यंत ऐकू येतात. हात लावला तर भाजतो. लघवीला घाण वास येतो, कसला ते तुला सांगायला नको. मी रेडिओ चालू केला. त्याने बंद करायला हात पुढे केला, पण बटणापर्यंत पोचला नाही.)

रिपेका घाबरट आहे, लहानपणापासून. हेलिकॉप्टर उगाच बोलावलंय. ते काल येऊन बेटावर दोनदा घिरट्या घालून परत गेलं, कारण वाऱ्यात उतरता येईना. चांगलं झालं, पिल्लांत मीठ अजून मुरायचंय.

(पेती, तो म्हणतो पाणी दे. दिलं की ओकतो. मघाशी मला तुझ्या आईच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली.)

आणखी काय लिहायचं ते सुचत नाही. इथे झोपडीत कुणीतरी काळं उभं आहे असं वाटतं, कडा पांढऱ्या. ते मागे सरकत येतंय. हॅलोरनला सांग थांबवायला. तो म्हणाला होता थांबवतो.

(आता तो झोपलाय, की काय ते मला कळत नाही. हेमारा आणि त्याचे जावई होडी घेऊन निघालेत असं रेडिओवर कळलं. या समुद्रात. हे पत्र कधी पोचेल माहीत नाही, तरी लिहिते, कारण बसून राहवत नाही. तू निरोप पाठवलास ते बरं केलंस. तो तुझं ऐकणार नाही हे मला माहीत होतं. तुलाही माहीत असणार.)


इन्व्हरकार्गिलचं इस्पितळ, १३ मे १९९७

पेती,

हे पेन्सिलने लिहितोय. रिपेका तुला नेऊन देईल. तू बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली आहेस, काचेतून तुझा खांदा दिसतो. अंतर एवढंसं आहे, पण तोंडाने मला हे जमणार नाही.

बेटावरून कसा निघालो ते मला अर्धंच आठवतं. हेमाराने झोपडीचं दार काढलं आणि मला त्यावर बांधलं. वर तोंड करून चाललो होतो, वर फक्त फांद्या आणि खाली चार बेटांवरची माणसं, एकमेकांना शिव्या देत. कुणीतरी म्हणालं, "बाटली आडवी धरू नका रे, सोडा सांडेल," आणि सगळे हसले. हेमाराचा जावईही हसला, आणि मग मला दिसलं की तो रडतोय. टेकडीच्या आडोशाला वारा जरा कमी होता, तिथे हेलिकॉप्टर टेकलं. होडीतून येताना हेमाराच्या हाताची दोन बोटं दोर आणि लाकूड यांत सापडून चिरडली. ती आता नाहीत. कालच तो भेटायला आला होता. बँडेज दाखवून म्हणाला, उरलेल्या तीन बोटांनी पिल्लू ओढता येतं, मी करून बघितलं.

पोटावर आता मळाची एक पिशवी आहे आणि मांडीला लघवीची दुसरी. भोक बुजवायचा प्रयत्न वर्षाने करतील, जमेल असं कुणी म्हणत नाही. किरणांनी भाजलेलं, मग बर्फाने मेलेलं, असं मांस टाका धरत नाही म्हणे. हॅलोरनने मला हे आधी सांगितलं होतं, पेती. बुडबुडे दिसले की त्याच दिवशी दवाखाना गाठा, असं स्पष्ट सांगितलं होतं आणि माझ्याकडून वदवून घेतलं होतं. त्याची काही चूक नाही. बर्फ कुठे थांबेल हे दर वेळी माणसाच्या हातात नसतं, हेही त्यानेच सांगितलं होतं.

तुझा निरोप ऐकून मी तुला जे लिहिलं ते तुला पोचलंच असेल. इथे पडल्या पडल्या विचार करत होतो. मला वाटत होतं तू मला सर्वांसमोर उघडं पाडलंस. मग कळलं, तू माझ्याशी बोललीच नव्हतीस. मी ऐकणार नाही हे धरूनच तू बोललीस. तू हेमाराशी बोललीस, त्याच्या जावयांशी बोललीस. तसं नसतं तर झोपडीचं ते दार कोण काढणार होतं?

तू आलीस तेव्हापासून मी झोपल्याचं सोंग करतो. तुला कळलंय की नाही, मला माहीत नाही. तू पिशवी बदलतेस तेव्हा डोळे मिटून घेतो. तुझे हात तुझ्या आईसारखे गार आहेत. डोळे उघडले तर काहीतरी बोलावं लागेल, आणि पाच वर्षांचं काय बोलायचं ते ठरत नाही.

पण काल दुपारी दार नीट लागलं नव्हतं. डॉक्टर तुला व्हरांड्यात घेऊन गेला. ऑपरेशनच्या वेळी भोकाच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवला होता ना, त्याचं तो सांगत होता. मी ऐकलं. मधला सगळा कॅन्सर मेलाय, पण एका बाजूला, जिथे बर्फ पोचला नाही तिथे, तो जिवंत राहिलाय, आणि आता बाहेर पसरलाय. डॉक्टरने विचारलं, वडिलांना मी सांगू की तुम्ही सांगता? तू म्हणालीस, "आत्ता नको. त्यांना नको सांगायला."

माझ्या पोरीच्या तोंडून हे वाक्य मी ऐकेन असं कधी वाटलं नव्हतं. हे वाक्य माझं होतं. तुझ्या आईच्या खोलीबाहेर उभं राहून मी ते तुला बजावून सांगितलं होतं, आणि तू ऐकलं नाहीस. आता ते तू कुठून उचललंस? माझ्या त्या दिवसाच्या बोलण्याने तुला एवढं घाबरवलं का?

संध्याकाळी आत येऊन तू उशी सारखी केलीस आणि रिपेकाला म्हणालीस, "रंग बरा दिसतोय आज." तुला खोटं बोलता येत नाही. आवाज पातळ होतो.

तुझी आई त्या दिवशी इस्पितळात जायला निघाली तेव्हा तिने आधी कपाट आवरलं. माझे लोकरीचे मोजे एका बाजूला लावले, बेटावर न्यायचे वेगळे, घरचे वेगळे. कुणाकुणाला बोलावून घेतलं. मी खाली धक्क्यावर जाऊन बसलो होतो, म्हणून मला यातलं काही दिसलं नाही, रिपेकाने नंतर सांगितलं. माझ्याकडेही कपाट आहे. बेटावरची जागा कुणाच्या नावावर करायची ते बोलायचंय. तू नको म्हणालीस तरी बोलायचंय. हेमाराच्या बोटांचं काय करायचं, तेही. किती दिवस आहेत ते माहीत असल्याशिवाय यातलं काय आधी घ्यायचं ते ठरवता येत नाही.

हे वाचून झालं की आत ये. खुर्ची जवळ ओढ. डॉक्टरने सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग, काही न गाळता. मी मध्ये बोलणार नाही.

मी झोपलेलो नाही.

बाबा